सत्तावीस नंबरचा बिल्ला

कामावरचे सगळे खाली उतरले होते, तरी फळ्यावर एक बिल्ला लटकत होता. सत्तावीस नंबर. दादाचा.

क्रेनवाले काका हे सांगायला लागले की नवी पोरं चहाचा कप खाली ठेवतात. कारण ज्या मुलीच्या दादाचा तो बिल्ला, ती त्यांची सख्खी पुतणी. बांधकामावर जखमींची वही तीच लिहायची. काम जोरात होतं तेव्हा आठवड्याला दहा-दहा नोंदी. बोट चेचलं, डोकं फुटलं. मग मंदी आली, निम्मी माणसं घरी बसली, आणि वही तीन महिने कोरी!

"मंदीत माणूस जपून चालतो, ताई," सुपरवायझर म्हणायचा.

तिला काही ते पटत नव्हतं. लंगडणारे तिला दिसत होते. विचारलं की एकच उत्तर, "घरी जिन्यावर पाय घसरला." सगळ्यांच्याच घरी जिने?

त्या बुधवारी संध्याकाळचे सव्वासात झाले होते. अंधार पडलेला. वर जाताना बिल्ला अडकवायचा, उतरलं की काढायचा, असा नियम.

"विसरला असेल. घरी जेवतही असेल." सुपरवायझरने बिल्ला काढून खोक्यात टाकला.

तिने आईला फोन लावला.

"अगं, तो तुझ्याबरोबर येणार होता ना?"

ती वळली. बिल्ला पुन्हा फळ्यावर होता.

"ही कसली चेष्टा?" तिने विचारलं.

"मी... हात नाही लावला."

सुपरवायझरचा चेहरा पांढरा पडला होता. तिला बिल्ल्यापेक्षा तो चेहरा खटकला.

"काय लपवताय तुम्ही?"

"दुपारी पायावर पाइप पडला त्याच्या. तोच म्हणाला, नोंद नको, नोकरी जाईल. सातव्या मजल्यावर निजवला. बाकीचे उतरवतील म्हटलं..."

"उतरवलं कुणी?"



ती जिन्याकडे धावली. दादाचा फोन वाजत राहिला. पुन्हा. पुन्हा...

उचलला.

"दादा?"

नुसता श्वास. मग बारीक आवाज. "रडू नकोस गं. पाय बांधलाय. एक म्हातारे मिस्त्री बसले होते जवळ. म्हणाले, माझ्या वेळी कुणी बसलं नव्हतं."

"वर कुणी नाहीये, दादा..."

"आत्ता होते. हातमोजा राहिलाय त्यांचा."

मग तो म्हणाला,

"अजून गरम आहे."