इंगवल्यांचं गालफड

इंगवले घराण्यातल्या पुरुषाने आजवर शत्रूला पाठ दाखवलेली नाही. जे वार झाले ते तोंडावरच. विक्रमसिंह इंगवलेनेही ही परंपरा राखली. यंदाच्या उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, कापलेल्या पतंगामागे धावताना त्याने शेजाऱ्यांच्या गच्चीवरल्या पाण्याच्या टाकीला थेट समोरून तोंड दिलं. टाकी शाबूत राहिली.

निरुपमाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मकरपुऱ्यातल्या एका छोट्या कंपनीत ती कॉम्प्युटरवर हाडं घडवायची. इस्पितळातून मोडलेल्या चेहऱ्यांचे स्कॅन यायचे, त्यावर नाव नाही, नुसता नंबर. धड बाजूचं हाड आरशात दिसावं तसं उलटवून ती मोडक्या बाजूवर बसवायची. मग मशीन टायटॅनियमची पावडर रांगोळीहून बारीक थरांत पसरायचं, लेझर हवी तेवढीच वितळवायचा आणि थरावर थर चढत हाड तयार व्हायचं. सध्याच्या स्कॅनमधलं उजव्या गालाचं हाड तिला फारच आवडलं होतं. आवडून घ्यायला दुसरं काही नव्हतंच... कवटी होती ती.

आणि एका संध्याकाळी पाणीगेटजवळ, सेव-उसळीच्या गाडीपाशी, तेच हाड तिच्यासमोर उभं! मार्चच्या उकाड्यात अर्ध्या तोंडाला रुमाल गुंडाळलेला एक तरुण, ब्रेड रश्श्यात बुडवून तो मऊ व्हायची वाट बघत होता.

निरुपमा बघत राहिली. मग आणखी जरा बघत राहिली.

"बेन, तरी नाखुं?" गाडीवाल्याने रश्श्याचा डाव उचलून गुजरातीत विचारलं. तिने ऐकलंच नाही.

"अगं बाई... हेच ते!"

"कोण ते?" तरुण मराठीच निघाला.

"तुमचं हाड. म्हणजे, उजव्या गालाचं. मी रोज बघते त्याला."

तरुणाने ब्रेड खाली ठेवला. "मुली सहसा डोळ्यांबद्दल बोलतात."

"डोळे मला दिसत नाहीत हो. नुसत्या खोबणी दिसतात." ती थांबली. "आज दिसले. बरे आहेत."

दुसऱ्या आठवड्यात विक्रमसिंह 'डिझाइन बघायला' कंपनीत आला. मग पुन्हा आला. डिझाइन होतं तेवढंच होतं, पण बघायला वेळ जास्त लागू लागला. निरुपमाच्या टेबलावर त्याच्या कवटीचं पांढरं प्लास्टिकचं मॉडेल होतं, आणि त्यावर तिचा चष्मा.

"हा मी?"

"डॉक्टर आधी यावर सराव करतात."

"आणि तुम्ही चष्मा ठेवता."

"नीट बसतो त्याच्यावर."

"वा! मी घरोघर वॉटर प्युरिफायर विकणारा माणूस. उत्तरायणापासून एका दाराची बेल वाजवलेली नाही. रुमाल काढला की समोरचा पाण्याऐवजी माझीच चौकशी करतो. आणि हा इथे तुमचा चष्मा लावून मजेत बसलाय!"

ती हसली. त्यालाही हसू आलं... रुमालाआड, अर्धंच.

तेवढ्यात दारात 'कट्' असा आवाज झाला. विक्रमसिंहाचे वडील धनाजीराव. बोलणं रंगात आलं की त्यांची कवळी ताल धरायची. काखेत खापरपणजोबांची तसबीर होती.

"पोरी, एवीतेवी छापायचंच आहे, तर हे गालफड छाप. हे बघून शत्रू—कट्—पळायचा!"

"पण यांचा उजवा गाल असा नाही, काका."

"मग उजवाही बदल!"

"आबा, तो धडधाकट आहे," विक्रमसिंह पुटपुटला. आबांना आजवर त्याने कशालाच नाही म्हटलेलं नव्हतं. त्याने निरुपमाकडे पाहिलं.

"तुम्हाला कोणता आवडेल?"

"हा... डिझाइनचा प्रश्न नाही."

"मग कशाचा आहे?"

विक्रमसिंहाने हळूच रुमाल सोडला. बसका, वाकडा डावा गाल प्रथमच तिच्यासमोर आला. तिने मॉडेलवरचा चष्मा उचलून आपल्या डोळ्यांना लावला आणि सावकाश, अगदी सावकाश पाहिलं.

"मला तुमचाच आवडेल. पण माझं मत धरू नका—मी आता तटस्थ राहिलेले नाही."

"आबा," विक्रमसिंह म्हणाला, "माझंच हाड बसवायचं."

धनाजीरावांनी तसबीर उलटी धरली आणि तशीच घेऊन ते निघून गेले.

ऑपरेशन झालं. सूज पुरती उतरायला गणपती उजाडले. मग एका दुपारी विक्रमसिंह भाकरवडीचा पुडा घेऊन आला, बिनरुमालाचा. एक भाकरवडी डाव्या दाढेखाली घेऊन त्याने ती मोठ्या अभिमानाने फोडली.

"ऐकलंत?"

"ऐकलं." तिचे डोळे भरून आले होते.

"आता ते मॉडेल मला देऊन टाका."

"का?"

"मला त्याचा हेवा वाटतो."

"मग माझा चष्मा कुठे ठेवू? तुम्ही हलता."

"नाही हलणार." तो वाकला. तिने चष्मा काढून त्याच्या नाकावर अलगद ठेवला. तो खरंच हलला नाही. तीही नाही.

"रोज यावं लागेल हं..."

"मी कायमचंच म्हणतोय, निरुपमा."

"मग मी हो म्हणतेय."

कट्.

दारात धनाजीराव, फेटा बांधून. दोघं दचकून बाजूला झाली. म्हाताऱ्याने मुलाच्या नाकावरचा चष्मा पाहिला, त्याखालचा गाल पाहिला, मग मुलीला पाहिलं.

"आमच्या घराण्यात..." त्यांनी सुरुवात केली.

धनाजीरावांनी मागे वळून कोणी ऐकत नाही ना याची खात्री केली, मशीनकडे एकदा आदराने पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"सूनबाई... यात कवळी—कट्—होते का गं? खालची फार सैल आहे."