कुरणातले उघडे खड्डे

हिल्डा केरिजच्या कुरणात कोणीतरी रातोरात खड्डे खणलेत, ही बातमी बेसिल पेटिटला कळली ती एका खड्ड्यात पाय गेल्यावर.

"खाली बघून चाल," इमोजेन गॅरड म्हणाली. खासगी गुप्तहेर म्हणून तिचं इंग्लंडातल्या सफोकभर नाव होतं. बेसिल तिची मोटार चालवायचा आणि चुकीचे निष्कर्ष काढायचा. दोन्ही कामं मन लावून.

कुरणभर उघडे खड्डे, शेजारी मातीचे ढीग. एका ढिगात पर्सी कॅचपोलचं लांब दांड्याचं फावडं रोवलेलं होतं. दांड्यावर नाव कोरलेलं.

पर्सी म्हणजे मेटल डिटेक्टर घेऊन जुनी नाणी शोधणारा म्हातारा. या कुरणात फिरायची परवानगी कित्येक वर्षं एकट्या त्यालाच होती. सापडेल त्यातलं निम्मं हिल्डाचं. गेल्याच आठवड्यात त्याला कुठल्याशा राजाची चांदीची पेनी मिळाली होती.

"माझी गाय पाय मोडून पडली असती!" हिल्डा कडाडली. "संध्याकाळपर्यंत दुसरा कोणी सापडला नाही, तर पर्सी, फाटकाला कुलूप. कायमचं."

"मी खड्डा उघडा टाकेन? अगं, मी गवतसुद्धा विंचरून जातो," पर्सी म्हणाला. मग आवाज खाली गेला. "बायको गेल्यापासून मला हे कुरणच आहे, बाई."

वाऱ्याने त्याची टोपी उडाली. "जरा उचलून देता का? दोन्ही गुडघे धातूचे बसवलेत, जमिनीला टेकवायची सोय नाही. खणतोसुद्धा उभ्यानेच. मशीन कधीकधी माझ्यावरच ओरडतं."

"आणि हे फावडं?" इमोजेनने विचारलं.

"आम्हा नाणी शोधणाऱ्यांच्या क्लबच्या शेडमध्ये असतं. शेडला कुलूप नाही."

इमोजेनने त्याचं मशीन घेतलं. दोन खड्ड्यांच्या मधल्या गवतावर ते किंचाळलं. बेसिलने खणलं, तर काडतुसाचं पितळी बूड. पुढे पुन्हा किंचाळलं: बिअरच्या डब्याची कडी. मग तिने ते खड्ड्यांवर आणि ढिगांवर फिरवलं. चिडीचूप. एका खड्ड्याच्या तळाशी मात्र मातीत नाण्याएवढा हिरवट, गोल ठसा होता. आणि प्रत्येक खड्ड्याच्या काठाशी गवत दोन जागी, शेजारी शेजारी, खोल दबलेलं.

"रात्री येणारे भुरटे चोर," बेसिल ठामपणे म्हणाला. "गोल ठसा म्हणजे नाणं. घेऊन पसार."

"छान," इमोजेन म्हणाली. बेसिलला हा शब्द ओळखीचा होता. त्याचा अर्थ कधीच छान नसे.

हिल्डाच्या स्वयंपाकघरात तिचा भाचा रुपर्ट केक खात होता. या कुरणात सुट्टीवाल्यांसाठी कॅरव्हॅन उभ्या कराव्यात, हे त्याचं जुनं स्वप्न.

"ही नाणीवाली मंडळी टळली तर मला आनंदच आहे," तो म्हणाला. "पण मशीन? मला टोस्टर धड चालवता येत नाही. विचारा आत्याला."

"खरंय," हिल्डा म्हणाली. "तीन जाळले."

मग क्लबचे सेक्रेटरी लायनेल थर्लो आले. कमरेची पिशवी खुळखुळत होती.

"वाईट वाटतं हो," ते म्हणाले. "पर्सी वयाने थकला. हिल्डाबाई, यापुढे परवानगी क्लबच्या नावावर ठेवा, मी जातीने लक्ष घालीन."

"तुम्ही मशीन शेवटचं कधी हाती घेतलंत?" इमोजेनने विचारलं.

"शनिवारी. त्यानंतर पाऊसच चाललाय. संध्याकाळी सगळ्यांनी पिशव्या क्लबच्या पिंपात रित्या केल्या. शेतातून निघालेला कचरा शेतात टाकायचा नाही, हा माझा नियम. मी स्वतः कधी मोडलेला नाही!"

"विश्वास आहे," इमोजेन म्हणाली. "त्यातच तुम्ही सापडलात."

रुपर्ट केक चावायचा थांबला.

"पितळ मातीला हिरवा डाग देतं. तो ठसा काडतुसाच्या बुडाचा. म्हणजे खणणाऱ्याने मशीनचा आवाज ऐकून खणलं, आणि हाती कचरा आला. भुरटा चोर कचरा तिथेच भिरकावतो. रुपर्टला तर तो शोधताही आला नसता. पण इथे ढिगांत काही नाही, गवतावर काही नाही. पर्सीला हाकलवण्यासाठी खड्डे मुद्दाम उघडे टाकले, पण कचरा? तो सवयीने पिशवीत गेला."

"पर्सीच्याही पिशवीत जाईल की!" लायनेल म्हणाले.

"पर्सी उभ्याने खणतो. इथे कोणीतरी प्रत्येक खड्ड्यापाशी गुडघे टेकलेत. सेक्रेटरीसाहेब, शनिवारी रिती केलेली पिशवी आज खुळखुळते कशी?"

हिल्डाने पिशवी टेबलावर उपडी केली. काडतुसांची बुडं, डब्यांच्या कड्या. अजून ओली माती चिकटलेली.

"दहा वर्षं मागतोय मी ते कुरण," लायनेल पुटपुटले. "पेन्या मात्र त्यालाच."

"आता मिळालं कुरण," हिल्डा म्हणाली. "एकेक खड्डा बुजवायचा, गायी यायच्या आत. रुपर्ट, उभा राहा त्यांच्या डोक्यावर." मग ती वळली आणि एकदम घुटमळली. "पर्सी... चुकलंच माझं. आज जेवायला थांब. मटण शिजतंय."

पर्सी मशीन खांद्यावर टाकून दारापर्यंत पोचलाही होता.

"उद्या येतो गं. अजून उजेड आहे."

"तुझ्या बायकोने कसा संसार केला देव जाणे!" हिल्डा ओरडली, आणि त्याचं ताट झाकून ठेवलं.