टॅम्सिनचे डोळे

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मूंटा गावातल्या खाणी कधीच बंद पडल्या होत्या, पण चॅपलच्या रविवार-शाळेचा वार्षिक उत्सव काही बंद पडला नव्हता. तो झाला की अँगोव्हसाहेबांच्या फोटो स्टुडिओत दोरीवर नुसती पोरंच पोरं वाळत लटकलेली असत. नव्या पांढऱ्या फ्रॉकातली, चापूनचोपून भांग पाडलेली, सगळी काळी-पांढरी. त्यांना माणसांत आणायचं काम मर्ल ट्रेम्बाथचं. गालांवर लाली, रिबिनीला रंग, नाकावरचे तांबूस ठिपके गायब. "देवानं घाईत उरकलेलं काम आपण निवांत सुधारतो," असं अँगोव्हसाहेब म्हणायचे, आणि चॅपलमध्ये मात्र पहिल्या बाकावर बसायचे.

मर्लचा हातखंडा डोळ्यांचा. फोटोचा दिवा भपकन पेटला की दरवर्षी एखादं पोर डोळे मिटायचंच. ते कळेपर्यंत उत्सव संपलेला, फ्रॉकला जॅम लागलेला. पुन्हा फोटो कुठला? मग मर्ल बारीक कुंचल्याने मिटलेल्या पापण्यांवर उघडे डोळे काढायची. ते जिवंत वाटायचे, कारण दरवेळी ती एकाच पोरीचे डोळे काढायची. आपल्या लेकीचे, केझायाचे. तपकिरी, डाव्यात एक पिवळा ठिपका. मग वरून त्या त्या पोराचा निळा नाहीतर करडा रंग चढवला की झालं.

केझाया घटसर्पाने गेली तेव्हा सहा वर्षांची होती. गावातली झाडून सगळी पोरं सजवणाऱ्या या बाईने स्वतःच्या लेकीचा एकही फोटो काढून घेतला नव्हता. काढू की, कुठं पळून जातेय, असं म्हणता म्हणता राहून गेलं. स्टुडिओच्या दाराशी लेकीच्या हॅटसाठी खाली ठोकलेला खिळा तेवढा उरला होता. त्याला कुणी काही अडकवत नसे.

यंदा मर्लची मैत्रीण ग्वेंडा रॉडा हिच्या टॅम्सिनने डोळे मिटले. मर्लने नेहमीसारखे केझायाचे डोळे काढले, कुंचल्यावर निळा रंग घेतला, पण तो चढवायला हात धजेना. डोळे तिच्याकडेच बघत होते. रंग ओला आहे तोवर काहीही करता येतं, उद्या चढवू, असं म्हणून तिने फोटो तसाच टांगला. दुसऱ्या दिवशीही ती तेच म्हणाली.

शुक्रवारी ग्वेंडा लेकीचा हात धरून स्टुडिओत आली.

"हिचे डोळे बघ गं, मर्ल. डॉक्टर म्हणतात, उजेडामुळे तसं वाटतं. मी काय आंधळी आहे?"

मर्लने पोरीची हॅट मागे सारली. निळ्या डोळ्यांची टॅम्सिन. तिचे डोळे तपकिरी झाले होते. डाव्यात पिवळा ठिपका.

"पेस्टीच्या सारणातला सलगम आवडीनं खायची, आता वेचून कडेला लावते. आणि काल..." ग्वेंडाचा आवाज खाली आला. "भाजायच्या आधी पेस्टीच्या टोकाला आपण कणकेनं ज्याच्या त्याच्या नावाचं अक्षर काढतो ना, तसं मी काढलं होतं. हिनं ते पाहिलं आणि पेस्टी सरकवून दिली. म्हणाली, ही माझी नाही. ही टॅम्सिनची आहे."

केझायाच्या ताटाच्या कडेला सलगमाचे तुकडे ओळीने लावलेले असायचे. मर्लला भीती वाटायला हवी होती. वाटला तो आनंद, आणि त्याची तिला लाज वाटली.

ग्वेंडाची नजर दोरीवरच्या फोटोवर गेली. ती फोटोजवळ गेली.

"हे डोळे मी तुझ्या स्वयंपाकघरात पाहिलेत. पुसून टाक, मर्ल. मला मिटलेलेच दे. एकुलती एक आहे गं माझी."

माझीही एकच होती, हे मर्लच्या ओठांवर आलं होतं. ती म्हणाली, "पुसते. आत्ता पुसते. तू जा घरी."

जाताना पोरीने मागे वळून पाहिलं.

मर्लने कापूस टर्पेंटाइनमध्ये बुडवला. तिला खरंच पुसायचं होतं. केझायाच्या शवपेटीमागून ग्वेंडा चालली होती, रडली होती. कापूस पापणीपर्यंत गेला.

फोटोतले डोळे पाणावले. रंगच ओला असेल.

तिने कापूस खाली ठेवला.

केझायाच्या ओठाखाली एक तीळ होता. बारीकसा, डावीकडे.

मर्लने कुंचला उचलला.

स्टुडिओ बंद करायच्या वेळी दाराची घंटा वाजली. पोरगी एकटीच आत आली. पायपुसण्याला बूट पुसले. हॅट काढली आणि न बघता खालच्या खिळ्याला अडकवली.

रस्त्यावरून ग्वेंडाच्या हाका येत होत्या. "टॅम्सिन! अगं टॅम्सिन!"

पोरीने काचेतून बाहेर पाहिलं. तिच्या ओठाखालचा तीळ अजून ओला होता.

"आई," ती म्हणाली, "ती बाई कुणाला शोधतेय?"