पुलापर्यंत चालून बघते

धुळ्याच्या आग्रा रोडवर श्रावणातली भुरभुर चालू होती. एक चप्पल पायात आणि दुसरी हातात, अशा अवतारात सुलोचना पाटील भिकमचंद शेठच्या दुकानाची पायरी चढली.

"बूट दाखवा. कॅनव्हासचे, नाडीचे, जाड तळाचे."

शेठजींनी चष्म्यावरून पाहिलं. गल्ल्यामागची गादी सोडून ते सहसा हलत नसत. दुकानात चामड्याची वस्तू ठेवायची नाही आणि गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, हे त्यांचे दोन नियम होते.

"भावाचा नंबर काय, बेटी?"

"भावाचे नकोत. मला पाहिजेत."

शेठजी हसले आणि समोरच्या काचेच्या कपाटाकडे बोट दाखवून म्हणाले, "लेडीजचा माल तिकडे. हे बघ, सोनेरी पट्टीचं सँडल. जरा टाच आहे, साडीखाली छान दिसतं. लगीनसराईत हेच जातं."

"मला लगीनसराईत जायचं नाही. डोंगरात जायचंय."

शिडीवर चढून खोकी लावत असलेला शेठजींचा मुलगा प्रकाशचंद थांबला. त्याने मान वळवून खाली पाहिलं. उंच, सावळी मुलगी. केसांवर पावसाचे बारीक थेंब, गुडघ्याजवळ साडीला चिखलाचा वाळका डाग, आणि हातातली ती तुटकी चप्पल तिने अशी धरली होती की जणू आता कुणाला तरी हाणणारच आहे!

तो खाली उतरला.

"कुठे चालायचं आहे?" त्याने विचारलं.

सुलोचनाने तुटकी चप्पल खाली ठेवली. सकाळपासून तिसरं दुकान होतं हे. कसं दिसेल, साडीवर शोभेल का, लोक काय म्हणतील हे सगळ्यांनी ऐकवलं होतं. कुठे चालायचं आहे, हे कुणीच विचारलं नव्हतं.

ती एरंडोलजवळच्या एका खेड्यातल्या चुडामण पाटलांची मुलगी. वर्षभरापासून साक्रीच्या पश्चिमेकडच्या पाड्यांवर आरोग्यसेविका म्हणून काम करत होती. फाट्यावर एसटी सोडून देई, तिथून पुढे सगळं पायी. परवा वडपाड्याच्या उतारावर चप्पलचा पट्टा तुटला. ती घसरली, लसीचा डबा उघडला, बर्फ चिखलात गेला आणि लस वाया गेली. पाड्यावर बाया लेकरं घेऊन वाट बघत बसल्या होत्या. त्यांना हात जोडून परत पाठवावं लागलं. गुडघा फुटला होता, पण त्याहून ते जास्त लागलं होतं.

हे सगळं तिने एका दमात सांगितलं. प्रकाशने आतून एक खोकं आणलं. करडे, साधे, जाड रबरी तळाचे पुरुषी बूट. तिच्यासमोर गुडघा टेकून तो बसला.

"संध्याकाळी आलात हे बरं केलंत. दिवसभर चालून पाय जरा सुजतो. सकाळी घेतलेला बूट संध्याकाळी चावतो. बोटं हलवून बघा... पुढे जागा आहे?"

"आहे."

"टाच निसटते आहे?"

"इथे सतरंजीवर काय कळणार? मी बाहेर चालून बघते. पांझरेच्या पुलापर्यंत."

"दुकानाबाहेर?" शेठजी गादीवरून अर्धे उठले. "न घेतलेला माल दुकानाबाहेर जात नाही, बेटी."

"मग न चालून बघितलेला बूट मी घेत नाही, शेठजी."

प्रकाशने हळूच खुंटीवरची छत्री काढली. "बाऊजी, मी जातो सोबत. माल माझ्या नजरेखाली राहील."

आणि माल कसला बघतो! पुलापर्यंत एकदाही त्याची नजर बुटाकडे गेली नाही.

छत्री तिच्या डोक्यावर धरून तो स्वतः भिजत चालला होता. येणारेजाणारे बघत होते. नऊवारी-पाचवारी सगळ्या पाहिल्या होत्या धुळ्याने, पण साडीखाली पुरुषी बूट घालून ताडताड चालणारी बाई पाहिली नव्हती.

"लोक बघताहेत," तो म्हणाला.

"बघू द्या. तुम्हाला लाज वाटत असेल तर दोन पावलं मागून या."

"छत्रीची दांडी तेवढी लांब नाही."

ती हसली. पुलावर दोघं थांबली. खाली पांझरा गढूळ, भरून वाहत होती.

"तुम्हाला काय म्हणू?" त्याने विचारलं. "म्हणजे... पाड्यावर काय म्हणतात?"

"सिस्टर म्हणतात."

"छे!" तो इतक्या घाईने म्हणाला की त्याचे कान लाल झाले. "दुसरं काही... नाव वगैरे असेल ना?"

"सुलोचना."

"हां. हे बरं आहे."

बूट तिने घेतले, आणि तुटकी चप्पल दुकानासमोरच्या उकिरड्यावर टाकून एसटी गाठली.

साक्रीला बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. आरोग्य केंद्राच्या साहेबांनी बैठकीत सगळ्यांदेखत विचारलं, "पाटीलबाई, फौजेत भरती झालात का?" तिने उलट विचारलं, "साहेब, तुम्ही वडपाड्याला कधी चालत गेलात का?" खोली हसली, साहेब हसले नाहीत. पण त्या महिन्यात वडपाड्याची एकही लस वाया गेली नाही.

पोळ्यानंतर ती पुन्हा धुळ्याला आली. बूट हातात होते आणि चेहरा तक्रारीचा.

"अंगठ्याची नखं काळी पडली. फसवलंत मला."

"चढताना दुखतं की उतरताना?"

"दुखतं तेव्हा चढ-उतार कोण बघतो?"

"मग मला येऊन बघावं लागेल," तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

तिला ती थट्टा वाटली. पण साक्रीच्या बाजाराच्या दिवशी फाट्यावर ती एसटीतून उतरली, तर मैलाच्या दगडावर प्रकाशचंद बसलेला! पांढराशुभ्र शर्ट, पायात टोकदार चकचकीत रेक्झिनचे बूट, मांडीवर एक खोकं.

"हे घालून डोंगर चढणार?" ती त्याच्या पायांकडे बघत राहिली.

"दुकानदाराच्या मुलाने असेच घालायचे असतात. बाऊजींचा हुकूम."

पहिल्या ओढ्यापाशीच तो लंगडायला लागला, आणि दुसऱ्या चढावर त्याने बूट काढून हातात घेतले. सुलोचना पुढे, खांद्याला लसीचा डबा. हा मागून अनवाणी, "आई गं" गिळत. वडपाड्याच्या सुंदरबाईने, तिथल्या म्हाताऱ्या सुईणीने, दोघांना वर येताना पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. "सिस्टर, आज डबा धराले माणूस आणलं का?"

"डबा माझ्याकडेच आहे, सुंदरबाई. माणसालाच धरावं लागतंय!"

दुपारभर तो झाडाखाली बसून बघत राहिला. ती रडक्या पोरांना हसवत सुई टोचत होती. बायांना रागवत होती, मग त्यांच्याच चुलीपाशी बसून चहा पीत होती. उतरताना तो तिच्या पुढे चालला, दर वळणावर मागे वळून तिचे पाय पाहत.

"थांबा. कळलं." त्याने तिला एका खडकावर बसवलं. "उतारावर पाय पुढे सरकतो आणि अंगठा आपटतो. हे अर्ध्या नंबरने मोठे आणलेत, हे घाला. आणि नाडी घोट्यापाशी अशी घट्ट... खाली ढिली."

नाडी बांधून झाली, तरी त्याची बोटं गाठीवरच रेंगाळली. वारा पडला होता. समोर भाताची खाचरं हिरवीगार चमकत होती.

"सुलोचना, मी... म्हणजे दुकानात इतके पाय येतात, पण..."

"पण काय?"

"पण... दर आठवड्याला तळ तपासायला हवा."

"तळ?"

"बुटाचा."

ती खळखळून हसली. दर आठवड्याच्या बाजाराला प्रकाशचंद फाट्यावर येऊ लागला, आता साधे कॅनव्हासचे बूट घालून. बोलायचं ते मात्र दरवेळी त्याच्या ओठांवर येऊन परत जाई. तीही विचारत नव्हती. इतकी धीट मुलगी, पण इथे तीही विषय बुटांवरच ठेवत होती.

दिवाळीत ती घरी गेली तेव्हा ओसरीवर पाहुणे बसले होते. जळगावचं स्थळ. मुलगा कचेरीत कारकून, सोबत त्याची आत्या. आई मंजुळाबाईंनी तिला आत ओढून साडी नेसवली.

आत्याबाईंनी सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "नोकरी सोडावी लागेल. डोंगरात भटकणारी सून आम्हाला नको. आणि ते बूट म्हणे घालतेस! ऐकलंय आम्ही. ते पण बंद. बरं, जरा चालून दाखव बघू."

सुलोचनाने बापाकडे पाहिलं. चुडामण पाटील जमिनीकडे बघत होते. ती उठली, दाराशी जाऊन शांतपणे बूट चढवले आणि नाड्या बांधल्या, घोट्यापाशी घट्ट, खाली ढिल्या. खुंटीवरची पिशवी घेतली आणि चालायला लागली. ओसरी, अंगण, गल्ली... आत्याबाईंना वाटलं वळेल आता, मग वळेल. ती वळली नाही. कपाशीच्या शेतांमधून थेट एसटीच्या थांब्यावर जाऊनच थांबली.

थोड्या वेळाने सायकलवरून धापा टाकत तिचा बाप आला. टोपी काढून घाम पुसला आणि लिंबाखाली तिच्याशेजारी बसला.

"पाव्हणासले तोंड दखाडाले जागा ऱ्हायनी नही," तो म्हणाला. टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मग हलक्या आवाजात, "कोन शे तो?"

तिने सांगून टाकलं. धुळ्याचा, जैनांचा, बुटांच्या दुकानातला.

"तो तुले नोकरी सोडाले नही सांगस?"

"नही, आबा. तो मनासंगे डोंगर चढी उना. अनवाणी."

चुडामण पाटलांनी लिंबाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. लांबून एसटीचा धुरळा दिसायला लागला होता. सायकल त्यांनी चहावाल्याकडे ठेवली. "चाल मंग. माले बी देखू दे."

भिकमचंद शेठच्या दुकानात दिवाळीची गर्दी होती. चुडामण पाटील सरळ गादीसमोर जाऊन उभे राहिले. "राम राम, शेठजी. आम्ही पोऱ्या देखाले उनूत."

"कुठला पोऱ्या?"

"तुमना."

गिऱ्हाइकांची हाती घेतलेली चप्पल हातातच राहिली. शिडीवर प्रकाश दगड होऊन उभा. शेठजींचा चेहरा आधी पांढरा, मग तांबडा झाला. "पाटील, शुद्धीवर आहात का? आमची जात कुठली, तुमची कुठली! आणि मुलगी घेऊन मुलाच्या दारात? अशी रीत कुठे असते?"

"रीत नाही, शेठजी," सुलोचना म्हणाली. तिची मान ताठ होती. "पण लपूनछपून भेटण्यापेक्षा तुमच्या समोर येऊन विचारावं असं वाटलं. तुमच्या मुलाच्या मनात काय आहे हे मलाही माहीत नाही. त्याने अजून सांगितलं नाही."

सगळं दुकान शिडीकडे बघायला लागलं.

प्रकाश उतरला. उतरताना एक खोकं पडलं, ते त्याने उचललं नाही. आतल्या दाराशी त्याची आई झमकूबाई येऊन उभी राहिली होती, पदर दातांत धरून.

"बाऊजी," तो म्हणाला, "माझं हिच्यावर प्रेम आहे. पुलावर गेलो होतो त्या दिवसापासून. सांगायला उशीर झाला, तो माझा भित्रेपणा."

"हिच्याशी लगीन केलंस तर या दुकानात पाय ठेवायचा नाही."

"बरं," प्रकाश म्हणाला. रागाने नाही, अगदी मऊ आवाजात. वाकून त्याने बापाच्या पायांना हात लावला, मग आईच्या. झमकूबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि नवऱ्यासमोर, भरल्या दुकानात, सुलोचनाच्याही डोक्यावर ठेवला. शेठजी तोंड फिरवून उभे राहिले.

धुळ्याच्या एसटी स्टँडवर तिघं बाकावर बसली. चुडामण पाटलांनी तंबाखू मळून तोंडात टाकली आणि निकाल दिला. लग्न कचेरीत, कायद्याने. मंजुळाबाईंची समजूत ते काढतील. आणि तोवर?

"तोवर तू मना घर ऱ्हाय," ते प्रकाशला म्हणाले. "कपाशी येचाले माणसं कमीच शेत."

"आणि मी?" सुलोचनाने विचारलं.

"तुनी नोकरी शे ना साक्रीले?"

असं झालं! नवरी एकीकडे आणि नवरदेव सासऱ्याबरोबर दुसरीकडे. एरंडोलची गाडी आधी लागली. प्रकाश खिडकीशी बसला. रिकाम्या हाताने निघालेला, घाबरलेला आणि तरी हसणारा.

"तुला कपाशी वेचता येते?" तिने खालून विचारलं.

"नाही. आबा शिकवतील. तू मला उत्तर दिलं नाहीस अजून."

"कशाचं?"

"मी दुकानात सगळ्यांसमोर म्हणालो ते... तू काहीच बोलली नाहीस."

कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली. सुलोचनाच्या गालांवर रक्त चढलं. साहेबांना, शेठजींना फटकन उत्तरं देणारी ती मुलगी, तिला तीन शब्द जुळेनात. गाडी फाटकाशी वळू लागली, तशी ती धावली. खिडकीशेजारून धावता धावता, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"माझंही आहे! प्रेम! ऐकलंस का?"

शेंगदाणेवाला थांबला. बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या. एक म्हातारा "काय जमाना आला" म्हणून पुटपुटला. तिने साडीचा काठ सावरला, घाम पुसला आणि त्या सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. मान खाली न घालता. मग साक्रीच्या फलाटाकडे निघाली. सकाळी वडपाड्याला जायचं होतं.