टॉवरखालच्या मधमाश्या

टॉवरखाली आज पुन्हा मेलेल्या मधमाश्यांचा ढीग पडला होता. तो पाहून वल्लरीचं डोकंच फिरलं. हवामान मोजणारा हा टॉवर उन्हाळ्याच्या सुरुवातीला गावात आला आणि मधमाश्याही तेव्हापासूनच मरायला लागल्या. आता यात आणखी विचार कसला करायचा?

बाबांनीही फारसा विचार केला नव्हता. "रविवारी मधमाश्यांच्या पेट्या तुझ्या मामाकडे पोचवतो," ते म्हणाले. "इथे ठेवल्या तर एक माशी वाचायची नाही."

मामाचं गाव घाटाखाली, लांब. त्या पेट्या वल्लरीने बाबांच्या बरोबरीने सांभाळल्या होत्या. तिला रडूच कोसळलं. पण रडून झाल्यावर तिने 'विज्ञानकट्टा' उघडला. इंटरनेटवरच्या या चर्चेच्या जागी चंद्रावरच्या तळावरचे शास्त्रज्ञसुद्धा येऊन प्रश्नांना उत्तरं देत.

'टॉवरच्या लहरींमुळे आमच्या मधमाश्या मरताहेत! टॉवर ताबडतोब काढायला लावा!!' तिने लिहून टाकलं.

लगेच उत्तर आलं, 'आपलं टिपण थांबवलं आहे. कृपया नियम पाहावेत.'

हे उत्तर पंचाचं होतं. पंच म्हणजे कट्ट्यावरच्या चर्चेवर लक्ष ठेवणारा यंत्रमेंदू (माणसासारखं बोलू शकणारा संगणक). मोठ्या प्राध्यापकांपासून शाळकरी मुलांपर्यंत तो सगळ्यांना 'आपण'च म्हणे.

"कुठले नियम?" वल्लरीने चिडून विचारलं.

"सदस्य होताना आपण ज्यांच्याखाली 'मान्य' दाबलंत, ते."

वल्लरी ओशाळली. 'मान्य' दाबण्याआधी कोण वाचत बसतं! शोधता शोधता नियम सापडले ते पहिल्याच पानावर, त्या बटणाच्या डोक्यावर. पहिला नियम होता, 'आधी निरीक्षण (प्रत्यक्ष पाहिलेलं) लिहा, मग अनुमान (त्यावरून वाटलेलं).' त्याखाली दुसरा होता, 'ज्याच्यावर संशय आहे ते जिथे नाही, तिथेही पाहून या.'

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

"तसं मी म्हटलेलं नाही. आपलं म्हणणं बरोबरही असेल. पण ते मला ठाऊक नाही आणि आपल्यालाही अजून ठाऊक नाही. छत्र्या उघडल्या की रस्त्यावर चिखल होतो. तो छत्र्यांमुळे होतो का?"

"छे! पावसामुळे. छत्र्याही पावसामुळेच उघडतात."

"दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, म्हणजे त्यांचा सहसंबंध (जोडीने घडणं) दिसला. एकीमुळे दुसरी घडली का, हे वेगळं तपासावं लागतं."

वल्लरी फणकाऱ्याने उठली, पण गेली ती थेट टॉवरकडेच. या वेळी तिने वाकून नीट पाहिलं. मधमाश्यांचे पंख चिकटलेले होते, अंगाला शेवाळ लागलं होतं. सगळ्या ओल्याचिंब! हे तिने आधीही पाहिलं होतं, पण लिहावंसं वाटलं नव्हतं.

मग तिने गावाच्या दुसऱ्या टोकाची वाट धरली. तिथे टॉवर नव्हता. होती फक्त पाण्याची नवी उघडी टाकी, टॉवरशेजारी होती तशीच. कठड्यावरून सफाईयंत्र सरकत होतं. त्याने जाळीने पाण्यावरचा पाला काढून खाली टाकला. वल्लरी धावली. त्या पाल्यात मेलेल्या मधमाश्या होत्या.

टाक्या आणि टॉवर गावात एकाच वेळी आले होते. टॉवर उंच म्हणून डोळ्यांत भरला, टाकीकडे कुणी पाहिलंच नाही.

तिने नवं टिपण लिहिलं, आधी पाहिलेलं, मग वाटलेलं. पंचाने ते लगेच सोडलं. थोड्याच वेळात सबनीस नावाच्या कीटकशास्त्रज्ञांनी (किड्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी) विचारलं, 'टाकीच्या भिंती गुळगुळीत आहेत का?' वल्लरीने हो म्हणताच त्यांनी लिहिलं, 'उन्हाळ्यात मधमाश्या पोळं थंड ठेवायला पाणी नेतात. पाय टेकायला जागा नसेल तर त्या बुडतात. पाण्यावर लाकडाच्या फळ्या सोडून पाहा. आणि काय होतं ते कळव, माझंही हे अनुमानच आहे.'

बाबांनी फळ्या सोडल्या, दोन्ही टाक्यांत. रविवार उजाडला. पेट्यांना दोर बांधून झाले होते. वल्लरी बाबांचा हात धरून त्यांना टॉवरपाशी घेऊन गेली. सफाईयंत्राने टाकलेल्या पाल्यात आज शोधूनही मधमाशी सापडेना. वर टाकीत मात्र फळ्यांच्या कडेला त्या ओळीने बसून पाणी पीत होत्या.

 घरी येऊन बाबांनी पेट्यांचे दोर सोडले.

"मलाही घे गं त्या कट्ट्यावर," ते म्हणाले. "आपल्या जांभळाला यंदा फळच धरलं नाही. ते त्या उडत्या टपालयंत्रांमुळेच, लिहून टाकतो!" आणि त्यांचं बोट 'मान्य'कडे गेलं.

वल्लरीने ते वरच्या वर धरलं.

"बाबा, पाहिलंत, की वाटलं?"