उतरवलेला वेल

श्रावणाची भुरभुर चालू होती आणि तो दुकानात शिरला तो मुळी पाठमोराच. दोन्ही हातांत कुंडी, कुंडीतल्या मनी प्लांटचा वेल मागं पायरीपर्यंत लोळत आलेला, आणि त्यावर कुणाचा पाय पडू नये म्हणून हा पठ्ठ्या उलटा चालत होता. चालता चालता तो थेट उत्कर्षाच्या टेबलावर आदळला. चहाचा कप तिनं वेळेत उचलला, म्हणून नवी ओढणी वाचली.

"सॉरी हां... मागं बघितलंच न्हाय."

"पुढं बघून चालत असता तर टेबल दिसलं असतं," ती म्हणाली. पण समोरच्या माणसाचे भिजलेले केस आणि लाल झालेले कान बघून तिला हसूच आलं.

बारामतीत भिगवण रस्त्याला उत्कर्षाचं हे दुकान. घरात ठेवायची झाडं विकायची. सणसरच्या ऊसवाल्या घरातली ती पोरगी, शेतीची पदवी घेतली आणि घरच्यांचा अबोला सोसून तिनं दुकान थाटलं. हाताखाली भामाबाई होत्या. त्या झाडांना पाणी घालायच्या आणि कुणी न विचारता सल्ले द्यायच्या.

आलेल्या माणसाचं नाव रविराज. निमगाव केतकीचा, बारामतीत एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत कामाला. भाड्याच्या खोलीत एकटा राहायचा आणि सोबतीला हा वेल ठेवला होता. वेलाला त्यानं प्लास्टिकचा पाइप लावून दिला होता, पण वेल काही वर चढेना. बांधला की घसरायचा, घसरला की फरशीवर पसरायचा.

उत्कर्षानं वेल उचलून त्याच्या डोळ्यांपुढं धरला. पेरापेरावर फुटलेली तपकिरी मुळं दाखवली. ही याची बोटं, ती म्हणाली, आणि गुळगुळीत पाइपाला बोटं धरणार कशी? याला काथ्या गुंडाळलेला खांब पाहिजे, आणि तो रोज ओला करायला पाहिजे. कोरड्या खांबाला वेल नुसता टेकतो, धरत नाही. कृष्णकमळासारखा, स्प्रिंगसारख्या तणाव्यांनी चढणारा वेल असता तर बारीक तार पुरली असती, जाईला जाळी पुरते. चढायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, ती बघायची आणि मग आधार निवडायचा. तिनं त्याचा वेल नव्या कुंडीत लावला, खांब पार तळापर्यंत रोवला. वरवर खोचला तर वेल वजनदार झाला की दोघंही आडवे होतात, हेही सांगितलं. रविराज मन लावून ऐकत होता. बघत मात्र होता तो तिच्या मातीनं माखलेल्या हातांकडं.

दोरी बांधायची वेळ आली तेव्हा त्यानं ती तिच्या हातातून हळूच घेतली. पानाचा देठ सोडून, नेमकी खोडालाच, बोट जाईल इतकी सैल अशी त्याची गाठ. तिच्यापेक्षा कितीतरी सुबक. हे कुठं शिकलात, असं तिनं विचारलं, तेव्हा कळलं की त्याच्या घरी विड्याच्या पानांचा मळा आहे.

"मग पाइप कशाला लावलात?"

"आमच्यात वेल जित्या झाडावर चढवत्यात म्याडम. शेवरीच्या. आता खोलीत शेवरी कुठं लावू?"

या वेळी ती मोकळेपणानं हसली. तो कुंडी घेऊन सरळ चालत बाहेर गेला आणि पायरीवर थांबून एकदा मागं वळला... काही विसरलं नव्हतं, उगाचच.

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. मग मधल्या वारी. कधी काथ्या संपला म्हणून, कधी पान पिवळं पडलं म्हणून, आणि पान पिवळं पडलं नसेल तर का पडलं नाही ते विचारायला. त्याच्या खोलीत इतकी झाडं झाली की त्याला पाय लांब करायला जागा उरली नाही. बोलणंही त्याचं फार गोड होतं. दुधाची फॅट, मळ्यातली सावली, इंदापूरची गाडी, कशावरही तो रंगून बोलायचा. फक्त जे बोलायचं ते सोडून.

"ह्या पाव्हण्याला झाडांचं याड न्हाय लागलेलं," भामाबाई म्हणायच्या. उत्कर्षा त्यांना कुंड्या पुसायला पाठवायची आणि मग स्वतःच आरशात बघायची.

गौरीला ती सणसरला गेली तेव्हा तात्यांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, पुण्याच्या स्थळाचा विषय काढला. मुलगा चांगला होता, खोट काढायला जागा नव्हती. तरी तिनं दिवाळीपर्यंत मुदत मागून घेतली. कशासाठी, ते तात्यांना सांगितलं नाही. रविराजवर तिचा जीव जडला होता, साधी गोष्ट. पण आपण होऊन बोलेल ती उत्कर्षा कसली? त्यानं दिवाळीच्या आत विचारलं पाहिजे, एवढंच तिनं मनाशी धरलं होतं. आणि न विचारलं तर पुण्याला हो म्हणायचं, हेही.

गणपती उठले आणि आईला ताप भरला. पंधरवडाभर तरी तिला घरी राहणं भाग होतं. जाताना तिनं दुकान भामाबाईंवर सोपवलं, आणि दारातला मोठा मनी प्लांट रविराजवर. दुकान उघडलं त्या दिवशी लावलेला तो वेल. आता चौकटीच्या वर गेलेला, सुपाएवढाली पानं झालेला. खांब संपून शेंडा खाली लोंबायला लागला होता. "याचं काहीतरी करायला पाहिजे," ती जाता जाता म्हणाली. रविराजनं मान डोलावली. तिचं ते सहज बोलणं त्यानं फारच मनावर घेतलं.

ती परत आली तेव्हा दारात उभा होता बोडका खांब. पायथ्याशी दोन पानांचा एवढासा शेंडा बांधलेला. शेजारी रविराज उभा, तोंडावर शाबासकीची वाट बघणारं हसू.

"वेल कुठाय?" तिनं विचारलं.

"हितंच हाय, मातीत. उतरण केली त्याची." तो उत्साहानं सांगायला लागला. मळ्यात वेल शेवरीच्या माथ्याला लागला की खाली उतरवायचा, खालची पानं काढायची, खोडाचं वेटोळं करून मातीत दाबायचं आणि शेंडा तेवढा पुन्हा बांधायचा. न्हायतर वेल म्हातारा होतो, जोर धरत न्हाय...

"हा पानमळा आहे का?" तिचा आवाज चिरकला. "लोक ती पानं बघून आत यायचे. मला एक फोन करायचा होता. एकदा विचारायचं तरी!"

"तुमीच म्हणला होता ना... कायतरी करायला पायजे म्हणून."

"करा म्हणाले होते. पुरा नव्हते म्हणाले."

त्यानं खाली वाकून शेंड्याची दोरी उगाच सारखी केली.

"इथून पुढं येऊ नका," ती म्हणाली. शब्द तोंडातून गेले त्याच क्षणी ते परत घ्यावेसे वाटले, पण तो तोवर पायऱ्या उतरला होता.

दसरा आला आणि गेला. तो आला नाही. त्याच्या मोटारसायकलसारखा आवाज रस्त्यावर झाला की तिचे कान टवकारायचे आणि दरवेळी गाडी दुसऱ्याचीच निघायची. भामाबाईंनी एक दिवस न राहवून सांगितलं, की गड्यानं अख्खा रविवार दारात बसून ते खोड मातीत दाबायच्या आधी ओल्या फडक्यानं पुसलं होतं. सारखा विचारत होता, म्याडमला आवडंल ना? उत्कर्षा आतल्या बाजूला जाऊन डोळे पुसून आली.

मग एका सकाळी पाणी घालताना तिला मातीत पोपटी टोकं दिसली. दाबलेल्या वेटोळ्याच्या पेरापेरातून फुटवे वर आले होते, एका वेलाचे कितीतरी वेल. ती तिथंच पायरीवर बसून राहिली. मनाला खोटं सांगता येईना. राग वेलाचा नव्हताच. जे विचारायचं ते विचारत नाही आणि न विचारता नको ते करून बसतो, त्या माणसाचा राग होता. त्यात तात्यांचा फोन आला. पुण्याच्या मंडळींना आता उत्तर हवं होतं, उद्याच.

"आज संध्याकाळी घरी येते तात्या, तेव्हा सांगते," ती म्हणाली. रविवार होता, रविराज सुट्टीला गावी मळ्यात असणार. ती निमगाव केतकीच्या एसटीत बसली.

पानमळ्याच्या तोंडाशी एक बाई पानं खुडून टोपलीत रचत होती. रविराजची आई, द्वारकाबाई. कोण, कुठली, तिनं काही विचारलं नाही. नुसतं नखशिखान्त बघितलं आणि म्हणाली, "पायताण हितंच काढ बाई. मळ्यात चालत न्हाय." उत्कर्षानं चपला काढल्या. आत गारवा होता, ओल्या मातीचा आणि पानांचा तिखट वास होता, पायाखाली मऊ लागत होतं. दोन्ही बाजूंना शेवरी आणि तिला बिलगलेले वेल. पुढं शिडीवर चढून रविराज वेल बांधत होता.

तिला बघताच शिडी हलली.

"फुटवे आलेत," ती खालून म्हणाली.

"किती?"

"तुम्ही येऊन मोजा."

तो खाली उतरला. केळीच्या सोपटाची ओली दोरी बोटाला गुंडाळत उभा राहिला. "मी विचारायला पायजे होतं," तो म्हणाला.

"हो, पाहिजे होतं. आणि मी येऊ नका म्हणायला नको होतं." ती थांबली. "अजून काही विचारायचं राहिलं असेल तर आता विचारा. उद्या तात्या पुण्याच्या स्थळाला उत्तर देणार आहेत."

बिचाऱ्याचा चेहरा उतरला. बोटाला गुंडाळलेली दोरी त्यानं सोडून हातात घेतली. मग म्हणाला, "लई दिवस झालं विचारायचं होतं. पर तुमी न्हाय म्हणला असता तर... दुकानात यायला तोंड राहिलं नसतं. म्हणून विचारलं न्हाय."

"दुकानात येणं तसंही बंद झालंय. आता कशाला घाबरताय?"

त्यानं वर बघितलं. त्या हिरव्या उजेडात तिचे डोळे भरून आलेले त्याला दिसले, आणि मग त्याला धीर आला.

"उत्कर्षा..." आजवर तोंडातून म्याडमखेरीज दुसरं काही न निघालेला माणूस म्हणाला, "माझ्याशी लग्न करशील?"

तिनं हो म्हटलं नाही. त्याच्या हातातली दोरी घेतली, बोटं मात्र सोडली नाहीत.

"तुमची पानं सगळीकडच्या सुपाऱ्या फोडायला जातात म्हणे."

"व्हय... जात्यात की."

"मग उद्या सणसरला आमच्या घरी घेऊन या. आज संध्याकाळी मी तात्यांना सगळं सांगते. सुपारी आमची. पण पानं घेऊन तुम्ही स्वतः यायचं, आईवडलांना घेऊन. आणि तिथं सगळं आधी विचारायचं, मग करायचं."

तो हसला, आणि ती रडता रडता हसली. तेवढ्यात पलीकडच्या ओळीतून, वेलांच्या आडून, द्वारकाबाईंचा आवाज आला. सगळं ऐकलं होतं म्हातारीनं.

"साधी पानं खुडू का रं, का सुपारीला लागत्यात ती कळीची?"

"कळीची," रविराज म्हणाला. या वेळी तो जराही अडखळला नाही.