फवारणीचा वास

घाटंजीच्या बाजारचौकातल्या एका लॅबमध्ये मी तेरा वर्षं रक्त-लघवी तपासते. बाबांचे नमुनेही दर महिन्याला मीच तपासायची. बाबा म्हणजे उकंडा, एसटी डेपोतले निवृत्त मेकॅनिक. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा आईनं, नलूनं, आपली एक दिली. ती बिनतक्रार चालत राहिली.

२०१७ च्या सप्टेंबरात आई दुसऱ्याच्या कपाशीत फवारणीला गेली. अंधारी आली म्हणून बांधावर बसली, ती उठलीच नाही. तिच्या लुगड्याला, केसांना औषधाचा उग्र वास येत होता. डॉक्टरांनी रक्ताचा थेंबही न घेता कागदावर लिहिलं: हृदयविकार. मी भांडले.

"तुम्ही लॅबवाल्या आहात, डॉक्टर नाही," एवढंच ते म्हणाले.

वर्षभरानं बाबांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. नागपुरातल्या दोन दवाखान्यांनी फाइल न उघडताच परत केली. बसवलेली किडनी ओटीपोटात, ऑपरेशनच्या जागेला खेटून असते. तिला धक्का लागला तर जबाबदारी कोणाची? माणूस मेला तर कोणाची, हे मी विचारलं.  तिसऱ्या ठिकाणी डॉ. इंद्रजित यांनी फाइल पहिल्या पानापासून वाचली.

"रोबोटनं करू," ते म्हणाले. "किडनीला सांभाळून."

ऑपरेशनच्या आठवडाभर आधी मी बाबांच्या लघवीच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि मागे सरले. तोच वास. बाटली खराब असेल म्हणून नवी दिली, पुन्हा नमुना घेतला. तोच. बाकी पेशंटांचे नमुने नेहमीसारखे होते.

"बाबा, वावरात गेलते काय?"

"मी कायले जातो? पोळ्यापासून येऊन राह्यला हा वास. तुले सांगतलं नाही. म्हनशीन, बुढ्याचं डोकं फिरलं."

ऑपरेशन चार तास चाललं. डॉ. इंद्रजित बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते.

"कॅन्सर पूर्ण निघाला. किडनीही उत्तम आहे." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "बाबा फवारणी करतात?"

"कधीच नाही."

मूत्राशय उघडलं आणि थिएटरभर वास सुटला, त्यांनी सांगितलं. टेबलाजवळच्या तिघांच्या डोळ्यांतून पाणी थांबेना. एक नर्स बाहेर जाऊन ओकली. ते स्वतः रोबोट चालवत खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. तिथंही वास पोचला.

"मग हे कागदावर लिहा."

"काय लिहू, पायलताई? देणारीच्या अंगातून नऊ वर्षांपूर्वी निघालेली किडनी..."

"आईच्या वेळीही कोणी लिहिलं नाही!"

कॉरिडॉरमधले लोक वळून पाहू लागले. पाहू देत. मी हलले नाही.

ते आत गेले. परत आले तेव्हा हातात सीलबंद बाटली होती, ऑपरेशनात बाबांच्या मूत्राशयातून ओढून घेतलेल्या पाण्याची.

"लिहिणं मला जमणार नाही. तुम्ही तपासून घ्या."

मी लेबलावर आईचं नाव लिहिलं. बर्फाच्या डब्यातून बाटली घाटंजीला आणली, लॅबच्या फ्रिजमध्ये ठेवली. विष तपासणाऱ्यांना डॉक्टरची चिठ्ठी हवी होती. तीन दिवस मी फोन करत होते. चिठ्ठी कोणी देईना.

चौथ्या दिवशी सकाळी फ्रिज उघडला.

बाकीच्या नळ्या बोटांना चटका देण्याइतक्या गार होत्या.

आईच्या नावाची बाटली उचलली. ती कोमट होती, आत्ताच कोणी भरून हातात दिल्यासारखी.